ग्रेस मार्क न देता: टँक, रोड फायटर आणि ५० हर्ट्झ

रविवार कारंज्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे १४ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळाला आणि सिडकोतल्या घरी जुन्या व्हिडिओ गेमच्या साठ पिनांच्या कॅसेट पुन्हा चालू झाल्या. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. फुंकर मारणं मात्र कायमचं बंद करा, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात.

नियम एकच: लहानपणाचे ग्रेस मार्क कुठल्याही गेमला नाहीत. या कॅसेट ज्याच्यासाठी बनल्या त्या मूळ फॅमिकॉममध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या गेमच्या यंत्रात, कामाची मेमरी अवघी २ केबी. तेवढ्यात काय साधलं, ते बघायचं.

बॅटल सिटी (नामको, १९८५), म्हणजे आपली 'टँक', डिस्टिंक्शनमध्ये पास. तिची सगळी जान एका बंधनात आहे. सुरुवातीला आपली एक गोळी पडद्यावर असेपर्यंत दुसरी सुटतच नाही. लांबून नेम चुकला की गोळी पार भिंतीला आपटेपर्यंत हात बांधलेले. त्यामुळे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं: जवळ जाऊन भराभर मारायचं की लांब राहून जपून? विटाही थराथराने झडतात, आणि ज्याला शत्रूच्या रणगाड्यांपासून वाचवायचं तो आपला गरुड आपल्याच गोळीने उडू शकतो. सुट्टीत आलेल्या भाचीने ही गेम आधी पाहिलेलीही नव्हती. थोड्याच वेळात ती मला सांगायला लागली, "मामा, तू गरुडापाशी थांब, डावीकडचे मी बघते." तिच्याकडे आठवणी नाहीत, तरी गेम चढली. मला याहून पक्का पुरावा नको.

गाड्यांची रोड फायटर काठावर पास. धडकेनंतर गाडी घसरते तेव्हा उलट्या बाजूला वळवून सावरायची, ही कल्पना आजही झकास. पण पुढे पाठांतरच उरतं. जुनी आहे म्हणून सूट द्यावी, तर १९८४ची एक्साइटबाइक समोर आहे. टर्बो दाबला की इंजिन तापणार आणि उडीनंतर चाकं उताराला जुळवून टेकवायची, एवढ्यावर तिने अख्खी शर्यत रंगवली.

आता महत्त्वाचं. आपल्याकडचे पिक्चर ट्यूबचे टीव्ही पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झचे, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवणारे. मूळ जपानी गेम ६०च्या हिशोबाने बांधलेल्या. फॅमिकॉमच्या ५० हर्ट्झच्या नकलांवर, म्हणजे क्लोनवर, त्या सरळ पाच-षष्ठांश वेगाने चालतात, संगीताची लयही संथ होते. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या डोक्यात बसलेली गेम मुळातच सोपी होती! दोन्ही वेगांवर खेळून पाहिलं: टँक दोन्हीकडे टिकते, रोड फायटर ६०वर बरीच सुधारते. तरीही माझे गुण तेच.

पुढची पाळी गोळीबाराच्या काँट्राची, दोघांनी मिळून. धबधब्याच्या फेरीत एक जण भराभर वर चढला की पडदा सरकतो आणि खालचा साथीदार फुकट मरतो. ही रचनेतली खोट की जोडीने खेळायची शिस्त, ते भाचीसोबत खेळूनच ठरवीन. कुणाकडे दुसरा चालू कंट्रोलर पडून असेल तर कळवा, माझ्याकडच्याचं बी बटण अडकतंय.