तुम्ही विचारलंत म्हणून: एका ओट्यापाशी दोघे

तुम्ही दोघे मिळून नवनवे पदार्थ करता, तर स्वयंपाकघरात भांडणे होत नाहीत का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्यांमध्ये नुकताच संसार मांडलेली जोडपी अधिक असतात आणि त्यांना खरोखरच उत्तर हवे असते, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो.

आमची भांडणे व्हायची ती रोजच्या पदार्थांवरून. त्यात माझी पत्नी तरबेज होती आणि मी मदतनीस. दर दोन मिनिटांनी मी तिला ‘आता काय करू?’ असे विचारत असे आणि ती मदत आहे असे मला मनापासून वाटत असे; प्रत्यक्षात तिला स्वतःचे काम सांभाळून माझ्यासाठीही काम शोधावे लागत होते. कधीही न केलेला पदार्थ करायला घेतला, तेव्हा हे चित्र प्रथमच बदलले. त्या पदार्थापुढे दोघेही सारखेच नवखे होतो. चुकले तर दोघांचे आणि जमले तरी दोघांचे. एकत्र स्वयंपाकाची सुरुवात नव्या पदार्थाने करा असे मी सांगतो, ते यामुळे.

गॅस पेटवण्याआधी आम्ही कृती शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो. एक जण वाचतो, दुसरा ऐकतो आणि जिथे अर्थ स्पष्ट होत नाही तिथे थांबवतो. ‘रात्रभर भिजवलेले’ हे दोन शब्द साहित्याच्या यादीत दडलेले असतात आणि ते ऐन वेळी सापडले की दोष कोणाचा यावरून वाद सुरू होतो. मापांचेही तसेच आहे. कृतीतला ‘कप’ कुठे २४० मिलिलिटरचा असतो, तर कुठे २५०चा. शिवाय तोच कप पिठाने सैल भरला की साधारण १२० ग्रॅम पीठ मावते आणि दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जाते. पत्नीच्या हाताच्या अंदाजावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण तो अंदाज ओळखीच्या पदार्थांवर घडलेला आहे, हे तिनेच एकदा सांगितले आणि आम्ही वजनकाटा आणला.

त्यानंतर कामाची वाटणी ठरते. एकाकडे चूल, दुसऱ्याकडे चिरणे, मोजणे आणि कृतीवर लक्ष ठेवणे. ज्याच्याकडे चूल आहे, आचेचा निर्णय त्याचा. हा नियम कांद्याने शिकवला. कांदे गडद तपकिरी होईपर्यंत दहा मिनिटे परतावेत असे एका कृतीत लिहिले होते. दहा मिनिटांनी ते जेमतेम पारदर्शक झाले होते, म्हणून पत्नी परतत असताना मी मधेच हात घालून आच वाढवली. कडा करपल्या आणि आतला भाग कच्चाच राहिला. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते आणि ते आटेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. तपकिरी रंग आणि खमंग वास देणारी प्रक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. मंद आचेवर या कामाला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास शेजारी उभे राहून गप्पा मारण्यासाठी फार चांगला असतो.

मात्र सर्वांत जास्त शिकवले ते पावाने. पत्नीने यीस्टसाठी गरम पाणी मागितले आणि मी वाफाळते पाणी ओतले. दोन तासांनी कणीक होती तशीच होती, कारण ५५ ते ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते. तिच्या मनात कोमट होते आणि मला गरम म्हणजे चहाइतके गरम वाटले. तेव्हापासून आम्ही ‘बोट सहज बुडवता येईल असे’ म्हणतो, ‘थोडे’ऐवजी चमचा सांगतो आणि ‘जरा वेळ’ऐवजी मिनिटे सांगतो. बोलण्याची ही सवय ओट्यापुरती राहिली नाही, याचा मला आनंद आहे.

पहिल्या वेळी कृती लिहिली आहे तशीच करायची आणि दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण दोन गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. चव दोघांनी घ्यायची, पण आपले मत आधी वहीत लिहायचे आणि मग बोलायचे. नाहीतर पहिला बोलेल त्याच्या होकारात दुसरा होकार मिसळतो. भांडी त्या त्या वेळीच घासून टाकतो.

चूल आणि चिरण्याचा पाट यांची अदलाबदल मात्र आम्ही दर वेळी करतो. परवा चूल माझ्याकडे होती. पत्नीचे चिरणे आणि मोजणे आटोपले, ती हात पुसत माझ्याजवळ आली आणि तिने विचारले, “आता काय करू?” माझ्या समोर दोन भांडी उकळत होती, एका हातात झारा होता, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.