सेव्हन प्लसचं वर्ष : लंडनमध्ये प्रेप शाळेचा प्रवेश घेताना

आपल्याकडे ‘प्रेप’ म्हटलं की केजीच्या अलीकडचा वर्ग डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडमध्ये प्रेप स्कूल म्हणजे फी भरायची खाजगी शाळा, साधारण सात ते अकरा किंवा तेरा वर्षांच्या मुलांची. त्याच्या आधीची चार ते सात ही प्री-प्रेप. तेराव्या वर्षी ‘पब्लिक स्कूल’मध्ये जायचं, त्याची तयारी करून घेणारी म्हणून हे नाव. आणि पब्लिक स्कूल म्हणजे सगळ्यात खाजगी शाळा, हा गोंधळ पहिल्या दिवशीच निस्तरून घ्यावा. यातल्या बऱ्याच शाळांत गृहपाठालाही प्रेपच म्हणतात.

आम्ही वायव्य लंडनमध्ये राहतो. सरकारी प्राथमिक शाळेतून इयर थ्रीला (सात पूर्ण झालेल्या मुलांच्या वर्गात) खाजगी प्रेपमध्ये जाण्याची परीक्षा, म्हणजे सेव्हन प्लस, आम्ही पार केली. ओळखीतले आईवडील त्याबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र लिहिते आहे.

पहिला प्रश्न सगळे चुकीचा विचारतात: ‘शाळा चांगली कुठली?’ आधी विचारायचं की ही शाळा मुलाला कितव्या वर्षी बाहेर सोडते. अकराला संपणारी शाळा इलेव्हन प्लसच्या, म्हणजे अकराव्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला लागते. तेराला संपणाऱ्या शाळेचा सगळा रोख ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा तेराव्या वर्षी मुलं घेणाऱ्या शाळांकडे असतो. तिसरा प्रकार म्हणजे त्याच संस्थेच्या वरच्या शाळेत जाणारी प्रेप; तिथे वर जायला परीक्षा आहे की नाही, हे नेमकं विचारावं. आपल्या लोकांपैकी पुष्कळांच्या मनात बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स किंवा मुलींची हेन्रिएटा बार्नेट असते. या परीक्षेने मुलं निवडणाऱ्या, फी नसलेल्या सरकारी ग्रामर शाळा, आणि त्यांचा प्रवेश अकराव्या वर्षी, इयर सेव्हनला. परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीलाच होते. मूल तेरापर्यंतच्या प्रेपमध्ये असेल तर त्याला मधूनच काढावं लागतं, आणि तिथला अभ्यासक्रम या परीक्षेसाठी आखलेला नसतो. तेराच्या रस्त्यालाही वाटतो तेवढा वेळ नाही. ईटनची नोंदणी इयर फाइव्हच्या ३० जूनला बंद होते. इयर सिक्समध्ये आयएसईबीची (खाजगी शाळांच्या परीक्षा मंडळाची) संगणकावरची प्री-टेस्ट असते: इंग्रजी, गणित, व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग (शब्दांची आणि आकृत्यांची तर्ककोडी). ती एका शैक्षणिक वर्षात एकदाच देता येते, तेच गुण सगळ्या शाळांना जातात आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. इयर एटमधली कॉमन एन्ट्रन्स, म्हणजे तेराव्या वर्षीच्या प्रवेशाची लेखी परीक्षा, त्याच्याही नंतर.

शाळेच्या माहितीपत्रकात ‘आमची मुलं कुठे गेली’ अशी यादी असते. तिथे किती ‘ऑफर’ मिळाल्या हे लिहिलंय की किती मुलं प्रत्यक्ष गेली हे, ते पाहा. एका मुलाला पाच शाळांनी बोलावलं तर ऑफर पाच होतात, मूल एकच. तपासणी अहवाल आयएसआयच्या (खाजगी शाळा तपासणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर फुकट मिळतो. २०२३पासून त्यात ‘उत्कृष्ट’सारखा एका शब्दाचा शेरा नसतो, मानकं पूर्ण झाली की नाही तेवढं सांगतात. सुरक्षिततेचा भाग आणि शेवटी सुचवलेल्या सुधारणा, एवढं वाचलं तरी पुरतं.

आता इयत्ता. इंग्लंडचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्टच्या जन्मतारखांवर चालतं. ३१ ऑगस्टपर्यंत सात पूर्ण झालेलं मूल इयर थ्रीमध्ये. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. म्हणून मार्चमध्ये जन्मलेलं मूल इथे आकड्याने एक इयत्ता पुढे असतं, ऑक्टोबरमधलं मात्र त्याच आकड्यावर. पुण्याहून किंवा नाशिकहून थेट येणाऱ्यांचा अर्ज इथेच फसतो: ‘दुसरी झाली, आता तिसरी’ असा हिशोब करून चुकीच्या वर्षाची नोंदणी होते. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान असतात. वयाप्रमाणे गुण जुळवून घेता का, हे शाळेला विचारायला लाजू नये.

वेळापत्रक असं असतं. इयर वनच्या उन्हाळ्यात शाळा बघून यायच्या. इयर टूच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत नोंदणी, नोव्हेंबर ते जानेवारीत लेखी परीक्षा, पुढे दुसरी फेरी, आणि निकाल बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. प्रत्येक शाळेची तारीख वेगळी, नोंदणी शुल्क परत मिळत नाही, म्हणून तीनपेक्षा जास्त शाळा धरू नयेत असं माझं मत आहे. कागद कमी लागतात: जन्मदाखला, पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन दाखवण्याचा कोड), शाळेचे मागचे रिपोर्ट. खरा अडसर असतो तो सध्याच्या मुख्याध्यापकांच्या गोपनीय शिफारसपत्राचा. ते थेट शाळेकडून शाळेकडे जातं, तुम्हाला दिसत नाही. त्यामुळे आपण अर्ज करतोय हे सरकारी शाळेला सप्टेंबरातच सांगायचं. नाताळच्या आधीच्या आठवड्यात मागितलं तर ते जानेवारीवर जातं. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना दोन्ही प्रकारच्या शाळा खुल्या आहेत. चाइल्ड स्टुडंट व्हिसा मात्र फक्त खाजगी शाळेसाठी असतो, तोही प्रायोजकत्वाचा परवाना असलेल्या.

लेखी परीक्षेत इंग्रजीचा उतारा, एक लेखन, गणित आणि काही ठिकाणी रीझनिंग. आपली मुलं गणितात मागे पडत नाहीत, पण गुण तिथेच गळतात. पाढे बारापर्यंत पाठ असतात आणि उत्तर थेट लिहिलं जातं. रीत दाखवण्याचे गुण हातचे जातात. दुसरी जागा घड्याळाची. काट्यांच्या घड्याळावरचं ‘क्वार्टर टू’ आणि ‘ट्वेंटी-फाइव्ह पास्ट’ डिजिटलवर वाढलेल्या मुलांना झटकन येत नाही. तिसरी नाण्यांची: ‘सदतीस पेन्स कमीत कमी नाण्यांत’ असा प्रश्न आला तर २०, १०, ५ आणि २ अशी चार नाणी सुचायला ती हातात खेळवलेली असावी लागतात. आम्ही खरी नाणी बरणीत घालून दुकान-दुकान खेळलो. वर्कबुकपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.

उताऱ्याची उत्तरं पूर्ण वाक्यात लागतात आणि ‘तुला कसं कळलं?’ या प्रश्नाला उताऱ्यातलेच शब्द पुरावा म्हणून द्यावे लागतात. लेखनात लांबी नडते. वीस-पंचवीस मिनिटांत मूल दीड पान सुरुवातच लिहीत बसतं आणि गोष्ट संपत नाही. अर्धं पान, एकच प्रसंग, शेवट नक्की, आणि शेवटची तीन मिनिटं पूर्णविराम व कॅपिटल अक्षरं तपासायला, एवढी शिस्त पुरते. क्लासमध्ये पाठ करून घेतलेले ‘वॉव’ शब्द परीक्षक लगेच ओळखतात. सात वर्षांच्या मुलाच्या ओळीत तीन भारी विशेषणं लागोपाठ आली की तिथे गुण वाढत नाहीत, शंका वाढते. आठवड्यात पाच दिवस, रोज तीस-चाळीस मिनिटं, आणि त्यातली निम्मी मोठ्याने वाचनाला. याहून जास्त या वयात टिकत नाही.

दुसऱ्या फेरीत गटातला खेळ, एखादा छोटा नमुना धडा आणि मुख्याध्यापकांशी गप्पा. काही शाळा आवडती वस्तू घेऊन यायला सांगतात. इथे घोकून घेतलेली उत्तरं उलटतात, कारण पुढचा प्रश्न नेहमी त्या उत्तराच्या आत शिरतो. मूल दुसऱ्याचं ऐकतं का, खेळात हरलं तर काय करतं, चूक दाखवल्यावर पुन्हा करून बघतं का, हे बघत असतात. घरी मराठी बोलतो हे अर्जात स्पष्ट लिहावं, लपवू नये. दोन भाषांचं मूल त्यांना नवं नाही.

ऑफर आली की खरं वाचन सुरू होतं. स्वीकारायला सहसा फार दिवस देत नाहीत. सही करण्याआधी करारातलं सूचनेचं कलम दोनदा वाचा. शाळा सोडायची तर एक पूर्ण टर्म (सत्र; वर्षात तीन असतात) आधी लेखी सूचना द्यावी लागते, म्हणजे जुलैत निघायचं असेल तर एप्रिलमध्ये उन्हाळी टर्म सुरू होण्याआधी पत्र पोचलं पाहिजे. नाही दिली तर पुढच्या टर्मची फी भरावी लागते. प्रवेश स्वीकारून नंतर सप्टेंबरआधी नाही म्हणालात तरी बहुतेक करारांत हेच कलम लागू होतं. ‘दोन जागा धरून ठेवू, मग बघू’ ही युक्ती म्हणूनच महागात जाते: दोन डिपॉझिट्स, आणि वर एखाद्या टर्मची फी.

फीवर १ जानेवारी २०२५पासून २० टक्के व्हॅट आहे. टर्मची फी ७,००० पौंड असेल तर १,४०० वर, आणि तीन टर्म्सचे २५,२०० पौंड. माहितीपत्रकातला आकडा व्हॅटसह आहे की व्हॅटविना, हे प्रत्येक शाळेला वेगळं विचारावं लागतं. दोन शाळांची तुलना करताना आमचा पहिला तक्ता याच कारणाने चुकला. जेवण आणि बस वेगळी आकारली तर त्यावर व्हॅट लागत नाही. शाळा सुटल्यावर नुसतं सांभाळण्याचा क्लबही सुटतो, शिकवणीचा क्लब सुटत नाही. सवलतीची बर्सरी उत्पन्न आणि मालमत्ता बघून मिळते. तिचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करायचा, ऑफर आल्यावर नव्हे, आणि भारतातला फ्लॅटही त्यात दाखवावा लागतो.

मग उरतो गणवेश. नवा घेण्याआधी पालकांनी चालवलेल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीची तारीख शोधा. ब्लेझर तिथे बऱ्याच कमी किमतीत मिळतो आणि वर्षभरात आखूड होतोच. खेळाचं सामान मात्र मापाचं घ्या, विशेषतः दातांचं माउथगार्ड. प्रत्येक मोज्यावर नाव लागतं. शिवायच्या नावपट्ट्या जुलैतच मागवा, कारण ऑगस्टच्या शेवटी सगळ्याच आया त्या मागवत असतात.