पाण्याचा दोष नव्हता

अ‍ॅझाथायोप्रिनची गोळी सुरू होऊन अठरावा दिवस असेल. डोक्यावरून पाणी घेतलं आणि केसांचा पुंजकाच हातात आला. दुखलं नाही, ओढही बसली नाही. न्हाणीघराची जाळी तुंबली. आई म्हणाली, "बोअरचं पाणी गं, दुसरं काय!" मग शिकेकाई आली, तेल बदललं. उशी मात्र रोज झटकावी लागायची.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण. स्टिरॉइड सुटावं म्हणून ही गोळी दिली होती. आधी ही गोळी शरीराला झेपेल का ते बघणारी टीपीएमटी नावाची जनुकीय तपासणीसुद्धा झाली, नॉर्मल आली, म्हणून मी निर्धास्त. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, महिन्यानं करायला सांगितलं होतं. सुरुवातीला ते दर आठवड्याला हवं, हे मला नंतर कळलं. तो राग अजून गेलेला नाही.

चोविसाव्या दिवशी तोंड आलं, ताप १०२. पांढऱ्या पेशी ९००. एरवी ४००० च्या वर असतात. गोळी बंद, मी अ‍ॅडमिट.

रक्तविकारतज्ज्ञ बाई आल्या त्या थेट केसांबद्दलच विचारू लागल्या. म्हणाल्या, "टीपीएमटीचा दोष युरोपातल्या लोकांत जास्त. आपल्याकडे एनयूडीटी१५ हे जनुक बघायला हवं." या जनुकाचा आणि गोळीच्या त्रासाचा दुवा २०१४ मध्ये कोरियातल्या क्रोन्सच्या (हाही आतड्याच्या सुजेचाच आजार) रुग्णांमुळे उजेडात आला. या औषधाचं शरीरात जे जहाल रूप तयार होतं, ते निकामी करायचं काम एनयूडीटी१५ चं. ते झालं नाही की विष साचतं आणि अस्थिमज्जेत नव्या पेशी बनेनाशा होतात.

तपासणी म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त, एवढंच. रिपोर्टात 'होमोझायगस' आलं. म्हणजे आई आणि बाबा, दोघांकडूनही सदोष प्रतच मिळालेली. एकच असती तर कमी डोसवर भागलं असतं; मला हे औषध वर्ज्य.

"म्हणजे माझ्याकडून आलं?" आईनं विचारलं. "निम्मं बाबांचं," मी म्हटलं. बाबा पेपरात तोंड खुपसून बसले होते.

आता डोक्यावर जावळासारखे केस आलेत. भावालाही हेच असण्याची शक्यता चारात एक. तो म्हणतो, "मला कुठे पोटाचा त्रास आहे?" पण हीच गोळी सांधे, त्वचा, किडनी प्रत्यारोपण अशा कशाकशासाठी देतात. शेवटी त्याच्या फोनमध्ये मीच औषधाचं नाव टाकून ठेवलं, आईच्या नंबरच्या खाली.