हरळीखालची नळी

आमच्या घरापुढच्या हिरवळीचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही. कुंपणाच्या भिंतीलगत मातीला पहिली भेग पडते, त्या दिवशी ते सुरू होते. फवाऱ्याचे पाणी भिंतीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे एप्रिल सरता सरता तेवढी कड उकलते आणि मे महिन्याच्या मध्यावर नातवाची सहा इंची पट्टी त्या भेगेत उभी सोडली तर पूर्ण गडप होते. विजापूर रस्त्याच्या बाजूला घर बांधले तेव्हा अंगणात नुसता मुरूम होता आणि बागेसाठी म्हणून आम्हीच हौसेने काळ्या मातीच्या ट्रॉल्या आणवल्या होत्या. ही माती कशी वागते, हे सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याने तेव्हा फुकट सांगितले असते, पण आम्ही विचारले नाही.

माझा भाचा थंड मुलखात राहतो. तो दर ऑक्टोबरात कॉम्प्रेसरने हवा मारून हिरवळीखालच्या नळ्यांतले पाणी बाहेर काढतो, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि आतच राहिले तर नळी चिरते. फोनवर त्याने हे सांगितले तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. आमच्याकडे थंडी पडते ती शेकोटीभोवती बसून हुरडा खाण्यापुरती! मात्र त्याच वर्षीच्या जून महिन्यात मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि हिरवळीच्या मधोमध तव्याएवढा भाग इतरांपेक्षा गर्द दिसू लागला. पाय ठेवला की तिथली जमीन दबायची, आणि पलीकडचे तीन फवारे पूर्ण उंचीने उठायचे सोडून नमस्कार केल्यासारखे वाकायचे. खणून पाहिले तेव्हा पीव्हीसीच्या नळीचा एल्बो सांध्यातून निखळलेला होता. उन्हाळ्यात काळी माती आकसते, पावसात पाणी पिऊन फुगते, आणि तिच्या पोटात घट्ट बसवलेली ताठ नळी या ओढाताणीत जिथे जोडलेली असते तिथेच सुटते. भाच्याकडे पाणी फुगून नळी फोडते, आमच्याकडे ते काम माती करते, एवढाच काय तो फरक.

प्लंबरने त्यावर काढलेला उपाय मला फार आवडला. ‘काकू, मातीशी भांडण नको, नळीलाच थोडी सैल सोडू,’ असे म्हणून त्याने नळीच्या भोवती वाळू भरली आणि मुख्य नळी व फवारा यांच्यामध्ये हातभर लवचीक नळीचा तुकडा घातला. तेव्हापासून सांधा सुटलेला नाही. फवारे मात्र ऋतूप्रमाणे कलतात.

मातीनंतरचा दुसरा शत्रू म्हणजे बोअरचे पाणी. नळाला काही दिवसांआड येणारे पाणी गवतावर ओतणे मनाला पटत नाही, म्हणून बागेला बोअरचेच पाणी जाते, आणि ते इतके जड आहे की पातेल्यात उकळून आटवले तर तळाला पांढरी रांगोळी उरते. हीच रांगोळी फवाऱ्याच्या बारीक भोकांवर आणि भिंतीकडेच्या मोगऱ्याला लावलेल्या ठिबकच्या ड्रिपरवर चढत जाते. उन्हात काळी नळी तापते, तोंडाशी आलेला थेंब तिथेच सुकतो आणि त्यातला क्षार मागे राहतो. ताशी चार लिटर पाणी देणारा ड्रिपर मार्चनंतर किती देतो, हे मी एकदा मापाचा पेला खाली ठेवून पाहिले. पंधरा मिनिटांत एक लिटर यायला हवे होते. जेमतेम पाव लिटर आले, आणि मोगऱ्याला कळ्या का धरत नव्हत्या याचा उलगडा झाला.

आधी मी सुई घालून भोके मोकळी करत असे. सांगोल्याचा माझा मामेभाऊ डाळिंबाचा बागायतदार आहे. त्याने ते पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘ताई, सुईने भोक मोठे होते, मग एक झाड बुडते आणि दुसरे तहानलेले राहते.’ ज्या जिल्ह्यात ठिबक हा शब्द चहाइतका सवयीचा आहे आणि जिथे २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले, तिथला माणूस अशा बाबतीत ऐकून घेत नाही. तो स्वतःच्या बागेत नळ्यांमधून ॲसिड सोडतो, ते आत मुरू देतो आणि मग नळीची शेवटची टोपणे उघडून सगळा गाळ बाहेर धुऊन काढतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही, हे त्याने मला तीनदा बजावले आणि शेवटी ‘तू आपली लिंबाच्या फुलानेच (सायट्रिक ॲसिडनेच) भागव’ असा निकाल दिला. त्यामुळे मे महिन्यात आमच्या ओट्यावर एका पातेल्यात ड्रिपर, फवाऱ्यांची तोंडे आणि फिल्टरची जाळी लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर भिजत असतात. सकाळी त्यांवरून जुना टूथब्रश फिरवला की क्षाराचे पापुद्रे सुटतात. ते पातेले स्वयंपाकात पुन्हा येऊ द्यायचे नाही, ही सूनबाईची अट मला मान्य आहे.

या भावाला खरे आश्चर्य आमच्या गवताचे वाटते. हिरवळ म्हणून आम्ही जिला वाढवतो, ती हरळी त्याच्या शेतात सर्वांत चिवट तण आहे. तिच्या काशा खणून काढण्यासाठी तो दर वर्षी मजुरीचे पैसे मोजतो आणि मी तिच्यासाठी टायमर बसवते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. भाद्रपदात आळीतल्या मुली दूर्वा खुडायला येतात, तेवढाच माझ्या बाजूचा पुरावा.

पावसाळ्यात टायमर बंद करायचा असतो, हे मी दोनदा विसरले आहे. सोलापूरला जून-जुलैपेक्षा सप्टेंबरात जास्त पाऊस होतो, आणि आषाढ-श्रावणातल्या कोरड्या दिवसांसाठी चालू ठेवलेला टायमर हस्त नक्षत्र लागले तरी तसाच राहतो. वरून हत्तीचा पाऊस आणि खालून आमचे फवारे असा देखावा छत्रीखाली उभ्या असलेल्या शेजारच्या आजींनी एकदा पाहिला आणि गवताला सर्दी होईल का, असे मला विचारले.

हिवाळ्यात काम थोडे असते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास हरळी मलूल होते, पाच-सहा दिवसांतून एकदा पाणी पुरते आणि फिल्टर नुसता उघडून पाहिला तरी भागते.

यंदाच्या पावसात फाटकाजवळचा फवारा रस्त्याच्या बाजूला कलला आहे. डिसेंबरात माती वाळली की तो आपला आपण सरळ होतो, हे आता अनुभवाने माहीत असल्यामुळे मी त्याला हात लावत नाही. पेपर टाकणाऱ्या मुलालाही ते ठाऊक झाले आहे. सहा वाजून दहा मिनिटांनी पाणी थांबेपर्यंत तो सायकल बाहेरच टेकवून उभा राहतो आणि मग आत येतो.