खाचांचा नट

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलं की शहाणी माणसं आडवी होतात. मी जिन्याखालची बाबांची सायकल ओढून काढली. पायडल मारलं की कटकट वाजत होती, म्हणजे आतले छर्रे गेलेले. पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनांना रॉकेल पाजलं, ठोकून काढल्या, क्रँक उतरवले. आणि डाव्या बाजूला तो बसला होता. गोल नट. सहा बाजूंचा पत्ता नाही, कडेला नुसत्या खाचा. उंदराने कडेकडेने कुरतडलेल्या बिस्किटासारखा.

घरातले सगळे पाने लावून झाले. दहा-अकरा, बारा-तेरा, स्लाइड पाना, पाइप पाना. धरायचं कुठे, हेच एकालाही कळेना.

शेजारचे काका गॅलरीतून वाकून बघत होते. “छिन्नी लाव रे, दोन घाव घाल. सायकलवाले तेच करतात.”

करतात, माहीत आहे. पण माझं डोकं तिथेच फिरतं. स्क्रूड्रायव्हरने डब्याचं झाकण उचकटणारी, पकडीने खिळा ठोकणारी माणसं मला सहन होत नाहीत. बायको सुरीच्या टोकाने स्क्रू पिळते. तेवढं सोडलं तर आमचं बरं चाललंय.

हे खूळ बाबांचं. ते परळला मिलमध्ये फिटर होते. आमच्या खोलीत खाटेखाली ट्रंक, ट्रंकेत मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेला एक पाना. विळ्यासारखी कमान, टोकाला आत वळलेली नखी. मिलचा पाना घरात कसा आला, हे आमच्याकडे कुणी कधी विचारलं नाही. मी एकदा तारेत अडकलेला पतंग त्याने ओढला आणि सणसणीत थप्पड खाल्ली. मग रात्री जेवताना, बहुधा थप्पडीचं वाईट वाटून, त्यांनी आमटीची रिकामी वाटी पालथी घातली आणि तिच्या कडेवर तो पाना टेकवला. “ही नखी खाचेत. बाकीची कमान नटाला पाठीमागून कवळ घालते. आता दांडा ओढ. निसटणार कसा?” वाटीला खाच नव्हतीच, त्यामुळे ती गरकन फिरून भातात गेली. आई काय बोलली ते लिहीत नाही. “छिन्नी लावतो तो फिटर नाही, पाथरवट,” बाबा वाटी उचलत म्हणाले.

ट्रंक अजून आहे, पानाही आहे. मोठ्या ऐटीत काढला, नटावर टेकवला, ओढला. निसटला. पुन्हा निसटला. गंज पुसला तेव्हा दांड्यावर आकडे दिसले : ४५-५०. म्हणजे इतक्या मिलिमीटर व्यासाच्या नटासाठी. माझा नट पट्टीने मोजला तर ४२. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला, असला प्रकार.

सोमवारी ऑफिसातून मशीद बंदरला उतरून नागदेवी गाठली. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “साइज बोलो.” मी आकडा सांगितला आणि उगाचच ताठ झालो. त्याने ४०-४२ समोर टाकला, वर सांध्याचा, लहानमोठ्या नटांना चालणारा एक दाखवला. मी बिनसांध्याचाच घेतला.

घरी येऊन तारेच्या ब्रशने नट घासला. नखी कुठल्या खाचेत बसवावी म्हणून बॅटरी धरली, तर एका खाचेची कड फाकलेली. तिच्या शेजारी तीन तिरके घाव, एकाला एक लागून. छिन्नीचे. मी त्यांवरून बोट फिरवत बसलो. बाबांनी ही सायकल आयुष्यात कुठल्या दुकानात दिली नव्हती.

गावी आईला फोन केला.

“संपाच्या साली असेल,” ती म्हणाली.

१८ जानेवारी १९८२ला संप लागला तेव्हा मी तिसरीत होतो. गिरणगावातली अडीच लाख माणसं घरी बसली आणि बाबा पहाटे दुधाच्या बाटल्या टाकायला जायला लागले, हे मला ठाऊक होतं. सायकल एका रात्री अडकली होती, ते नव्हतं.

“चारला निघायचं होतं ना. रात्रभर ठोकत होते. सगळी चाळ उठली, तू तेवढा झोपलेलास.” मग जरा थांबून म्हणाली, “का रे, बिघडली का?”

“नाही गं. तेल घालतोय.”

नखी दुसऱ्या खाचेत बसवली. नट एकदा करकरला आणि सुटला. छर्रे खरंच गेले होते. उजव्या बाजूची, छर्रे धरणारी कटोरी मात्र हलली नाही. तिचे आटे उलटे असतात, आणि तिला हा पाना चालत नाही. चपटा, ३६चा लागतो. म्हणजे पुन्हा नागदेवी.