काडी नाकात कधी गेली?

सिंधुदुर्गातल्या बांद्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सातबारा, रेल्वेचं तिकीट असं सगळं. इथून पत्रादेवीचा नाका जवळच. पत्रादेवी ओलांडली की गोवा. एरवी ती हद्द आम्हाला जाणवतसुद्धा नाही. पेट्रोल स्वस्त झालं की गोवा आला, एवढंच. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, बांबोळीचं गोवा मेडिकल, पेडण्यापलीकडच्या कंपन्या, सगळ्याला माणसं इथूनच जातात. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी परत.

कोरोनाच्या दोन वर्षांत मात्र ती हद्द उगवली आणि माझं दुकान तिचं फाटक होऊन बसलं. पोलीस तिकडे उभे, पण कागद इकडे छापला जायचा.

पहिली चाहूल 2020 च्या गणपतीला लागली. चतुर्थी 22 ऑगस्टला होती. मुंबईच्या चाकरमान्यांना सांगितलं होतं, 12 तारखेच्या आत या आणि दहा दिवस वेगळे राहा, त्यानंतर येणार असाल तर टेस्ट करून या. गावागावांत भांडणं लागली. सख्ख्या भावाला पडवीत झोपवलं लोकांनी. त्याबद्दल लिहायला बसलो तर हा लेख तिकडेच संपेल, म्हणून सोडून देतो.

2021 च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा आदेश आला आणि 10 तारखेपासून गोव्यात शिरायला निगेटिव्ह रिपोर्ट लागायला लागला. 72 तासांच्या आतला. ऐकायला सोपं वाटतं, तीन दिवस म्हणजे तीन दिवस. पण रोज जाऊन येणाऱ्या माणसाने काय करायचं? खासगी लॅबमध्ये आरटीपीसीआरचा सरकारने ठरवलेला दर 500 रुपये होता. हॉटेलात भांडी घासणाऱ्या पोराने दर तीन दिवसांनी 500 रुपये नाकात घालायचे आणि उरलेल्या पगारात घर चालवायचं. वर रिपोर्ट यायलाच एक-दीड दिवस जायचा. म्हणजे 72 मधले तीसेक तास रस्त्यावर आणि मशीनमध्येच संपायचे. हातात कागद यायचा तेव्हा तो अर्धा शिळा झालेला.

तेव्हा दुकानात येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा. "भाऊ, ह्यो कागद पत्रादेवीक चालतलो मां?"

मी तज्ज्ञासारखा कागद उजेडात धरायचो आणि सांगायचो, चालतलो. हे तज्ज्ञपण पुढे मला नडलं. मला म्हणजे माझ्या भाच्याला.

बाबू, माझ्या बहिणीचा मुलगा, क्रूझवर हाऊसकीपिंगला आहे. आमच्याकडे 'बोटीर आसा' म्हटलं की पूर्वी तेलाची किंवा मालाची बोट समजायचे. आता दहातली निम्मी पोरं क्रूझवर असतात. केबिन, गॅली म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर, लाँड्री. 2020 मध्ये जहाजं थांबली आणि ही सगळी पोरं घरी आली. दीड वर्ष बाबूने आंबे विकले, घरच्या जुन्या होडीला रंग दिला आणि मोबाईलवर एजंटच्या मेसेजची वाट बघितली.

मेसेज येण्याआधी लसीची धावपळ झाली. कोव्हिशील्डच घ्यायची, असं पोरांमध्ये पसरलेलं होतं आणि त्यात तथ्य होतं. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ती थेट 3 नोव्हेंबर 2021 ला. तोवर बऱ्याच देशांत ती धरतच नव्हते. दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर होतं, पण परदेशात नोकरीला जाणाऱ्यांना जूनपासून 28 दिवसांनी दुसरा डोस मिळायला लागला. त्यासाठी जॉइनिंगचा कागद दाखवायचा आणि सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडून घ्यायचा. पुढे या सर्टिफिकेटवरून इंग्लंडशी वाजलं तेव्हा कुठे त्यावर पूर्ण जन्मतारीख यायला लागली, आधी नुसतंच वय होतं. मी त्या काळात एकेका पोराचं सर्टिफिकेट तीन-तीनदा छापलंय. नावात गोंधळ तर ठरलेलाच. पासपोर्टात वडिलांचं नाव मधे, लसीच्या यादीत नाही. एकीकडे 'सावंत' ला एक ए, दुसरीकडे दोन. गावात याला कोण विचारतो? पण विमानतळावरचा माणूस अक्षर-अक्षर लावून बघतो.

तर नोव्हेंबर 2021. बाबूला दुबईत जहाज पकडायचं होतं. हिवाळ्यात काही क्रूझ तिकडून सुटतात. दुबईचा नियम दुहेरी होता. विमान सुटण्याआधी 48 तासांच्या आतली आरटीपीसीआर आणि परत विमानतळावर, सुटायच्या आधी सहा तासांच्या आत, रॅपिड पीसीआर. विमान मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, मुंबईहून. त्यात एसटीचा संप. म्हणजे जायला रेल्वेच, सावंतवाडीहून सोमवारी रात्रीची.

त्याने रविवारी सकाळी साडेदहाला सावंतवाडीत स्वॅब दिला. नमुना बाहेरगावच्या मोठ्या लॅबला गेला. सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रिपोर्ट मेलवर आला. बाबू दुकानात धावत आला. मी रंगीत प्रिंट काढली, क्यूआर कोड स्वतःच्या मोबाईलवर स्कॅन करून बघितला, पासपोर्ट नंबर ताडून पाहिला, नाव पाहिलं. सगळं बरोबर. आणि मग मी, हा मोठा शहाणा, लाल पेन घेऊन कागदावरच्या तारखेभोवती गोल केला. म्हटलं, "ही बघ सोमवारची तारीख. बुधवारी दुपारपर्यंत चालतं. तुझं विमान मंगळवारचं. निवांत जा."

त्या कागदावर वेळा तीन होत्या. मी ज्याला गोल केला ती रिपोर्ट दिल्याची. ती ठळक अक्षरांत, वर उजव्या कोपऱ्यात. तिच्याखाली नमुना लॅबमध्ये पोचल्याची. आणि सगळ्यात बारीक अक्षरांत, डावीकडे वयाच्या आणि लिंगाच्या ओळीला चिकटून, नमुना घेतल्याची. रविवार, 10:30.

48 तास मोजायचे ते या बारीक ओळीपासून. मंगळवारी साडेदहालाच बाबूचा रिपोर्ट संपलेला, आणि विमान चार वीसचं. काउंटरवरच्या मुलीने म्हणे माझ्या लाल गोलावर बोट ठेवलं, मग ते बोट सरकवत डावीकडे नेलं आणि विचारलं, स्वॅब कधी दिला?

बाबूचा फोन आला तेव्हा मी कुणाचं तरी रेशनकार्ड झेरॉक्स करत होतो. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मामा, काडी नाकात कधी गेली ते बघतात."

जहाज आठवड्याच्या फेऱ्या मारणारं होतं. ते गेलं, पुढच्या आठवड्यात परत दुबईला लागेपर्यंत थांबणं आलं. आठवडाभर तो लालबागला मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिला, सहावा माणूस म्हणून. दुसऱ्यांदा स्वॅब मुंबईतच, आदल्या दिवशी. रात्री रिपोर्ट. मग विमानतळावर ती रॅपिड, तिचा रिजल्ट येईपर्यंत खुर्चीवर बसून राहायचं, पॉझिटिव्ह आला तर परत लालबाग. निगेटिव्ह आला. एक आठवड्याचा पगार बुडाला तो बुडाला. बहीण अजून जेवायला बसलं की आठवण काढते. "तुझ्या मामान गोल केलेलो."

मी त्यानंतर एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून मशीनच्या वर लावलं: रिपोर्ट आणणाऱ्यांनी आधी सांगा, काडी नाकात कधी गेली? लोक हसायचे. पण विचारलं की पाचातले तीन जण रिपोर्टचीच वेळ सांगायचे.

आणि जरा विचार केला की कळतं, यात मोठा अन्याय आहे. मुंबईत राहणाऱ्याला 48 तास म्हणजे खरंच 48 तास. सकाळी स्वॅब, रात्री रिपोर्ट, विमानतळ टॅक्सीने तासाभरावर. आमच्याकडे रात्रभराची रेल्वे, नमुन्याचा प्रवास वेगळा. 2020 च्या सुरुवातीला तर सिंधुदुर्गातले नमुने घाट चढून मिरजेला जायचे, मग ओरोसला सोय झाली. नियम करणाऱ्याने घड्याळ बघितलं, नकाशा नाही. त्यातल्या त्यात अमेरिकेने बरं केलं होतं. डिसेंबर 2021 पासून त्यांनी तीन दिवसांवरून एक दिवसावर आणलं, पण तास मोजले नाहीत. विमानाच्या आदल्या दिवशी कधीही स्वॅब द्या. सकाळी सहाला दिलात तरी चालेल. मायामीला जाणाऱ्या एका पोराला मी हे समजावत होतो तर त्याचा विश्वासच बसेना. "भाऊ, परत गोल करू नकात हां," म्हणाला.

आता हे सगळं गेलं. पत्रादेवीला कुणी कागद मागत नाही. परदेशातून विमानाने येणाऱ्यांना भरावा लागणारा एअर सुविधाचा फॉर्म नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला. बाबू सांगतो, क्रूझवर चढताना पाहुण्यांकडून आता एक प्रश्नपत्रिका भरून घेतात, उलटी-जुलाब-ताप आहे का वगैरे. तिथे खरी भीती पोटाच्या साथीची. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या जहाजावर शंभरातल्या तीन प्रवाशांना जुलाब-उलट्या झाल्या की त्याचं नाव जाहीर यादीत लागतं. म्हणून कुठल्या केबिनमध्ये कुणी ओकलं की बाबूची टोळी हातमोजे-गाऊन चढवून धावते. सुट्टीवर घरी आला की तो जेवायच्या आधी दोनदा हात धुतो, आई म्हणते ह्याला नाद लागला.

उरलं ते पिवळं कार्ड. यलो फीव्हर नावाच्या तापाची लस घेतल्याचं. ते कोरोनाच्या कितीतरी आधीपासून आहे आणि अजून आहे. बाबूला पुढच्या काँट्रॅक्टला ब्राझीलच्या बाजूचं जहाज मिळालं तेव्हा आम्ही दोघं बाईकवरून मुरगावच्या पोर्ट हेल्थच्या केंद्रात गेलो होतो. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या केंद्रांतच. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि फोडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून वार आणि नंबर. आधी विचारतात अंड्याची अॅलर्जी आहे का. बाबू म्हणाला, रोज चार खातो.

गंमत म्हणजे या कार्डाबाबत आपलाच देश फार कडक. आपल्याकडे तो रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. डेंग्यूवालाच तो. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशांत हा ताप आहे तिथून कार्डाशिवाय उतरलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आणि यातही वेळेची खोच आहेच, फक्त उलटी. रिपोर्ट शिळा होतो, हे कार्ड पिकावं लागतं. टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू. एजंटने जॉइनिंगची तारीख कळवली तेव्हा मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने एकेक दिवस मोजला. बारा भरले. तरी बहिणीने स्वतः परत मोजले.

गेल्या महिन्यात शेजारचे तात्या आले. जन्मभर मालवाहू बोटींवर काढलेला माणूस, आता पंच्याहत्तरीचा. मुलगी नैरोबीला असते, तिच्याकडे जायचं ठरलंय. ट्रंकेतून काढलेलं पिवळं कार्ड पुढ्यात ठेवलं. 1998 चा शिक्का, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि आत लिहिलेलं, दहा वर्षांसाठी.

"ह्येची मुदत संपली मां रे? ह्या वयात परत टोचून घेव काय?"

"नाय तात्यानु. आता ता जन्मभर चालता. जुना असला तरी."

"कोणी सांगल्यान?"

2016 च्या जुलैपासून जागतिक आरोग्य संघटनेने तसा नियम केलाय, जुन्या कार्डांनाही तोच लागू, हे मी सांगितलं. शिवाय साठीनंतर ही लस डॉक्टर जपूनच देतात, तेव्हा हे कार्ड म्हणजे सोनं आहे. तात्यांनी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. लाल गोलाची गोष्ट त्यांनाही माहीत असणार, सगळ्या बांद्याला माहीत आहे. मी म्हटलं, निघायच्या आधी मुरगावला एकदा दाखवून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

"बरा. मगे ह्येका लॅमिनेशन मार."

लॅमिनेशन नको म्हटलं. वाळवीने खाल्लेला कागद गरम मशीनमध्ये घातला तर शिक्क्याचं काय होईल ते सांगता येत नाही, आणि पुढे कुणाला त्यावर काही लिहायचं-शिक्का मारायचा झाला तर? ते ऐकेनात. वीस रुपये काउंटरवर ठेवून उभे. शेवटी मी आधारकार्डाची ती जाड प्लॅस्टिकची पिशवी असते ना, त्यातली मोठी काढली, कार्ड अलगद आत सरकवलं आणि पाच रुपये घेतले. पंधरा परत दिले तर म्हणाले, ऱ्हवांदे, दोन पासपोर्ट फोटो काढ.