कानाखालीपासून कूपनपर्यंत

मारण्यासाठी आपल्याकडे शब्दांची काय कमी आहे, टपली, चापट, धपाटा, रट्टा, गुद्दा, बुक्की, आणि सगळ्यात वरची ती मुस्काटात बसते ती. ग्रीकांकडे असाच एक होता, कोलाफोस. कानाखाली बसलेली म्हणा नाहीतर ठोसा म्हणा, त्या दोघांच्या मधलं काहीतरी. मूळ धातू चोच मारण्याचा, छिन्नीने टोचण्याचा, म्हणून सुतारपक्ष्याला ग्रीकात द्रुओकोलाप्तेस म्हणायचे, त्यातला द्रु म्हणजे झाड, आपल्या द्रुममधलाच! बायबलात मत्तय 26:67 मध्ये येशूला मारतात तिथे मूळ ग्रीकात दोन वेगळी क्रियापदं आहेत, एक या कोलाफोसवरून आलेलं आणि दुसरं चपराकीचं. मारण्यातही प्रकार पाडायची हौस फक्त आपल्यालाच नाही तर.

पुढे हा शब्द लॅटिनमध्ये गेला, जुना रोमन नाटककार प्लॉटसच्या नाटकांत गुलामांच्या कानफाडात वाजत राहिला, आणि तिथून घासत घासत फ्रेंचात त्याचा झाला कू. तोच तो, कुठल्यातरी देशात लष्कराने सरकार उलथवलं की बातम्यांत येतो तो कू. स्पॅनिशमध्ये गोल्पे. चिलीत 11 सप्टेंबर 1973 ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदेंचं सरकार पाडलं त्याला लोक नुसतं 'एल गोल्पे' म्हणतात, आणि गंमत म्हणजे फ्लामेंको हे स्पेनचं संगीत वाजवणारा गिटारच्या लाकडावर बोटाने टकटक करतो तोही गोल्पेच, त्यासाठी गिटारवर वेगळी पट्टी चिकटवलेली असते म्हणजे पॉलिश खराब होऊ नये.

पण मला खरी मजा वाटते ती फ्रेंचांनी पुढे केलेल्या उद्योगाची. घाव घालणं म्हणजेच कापणं असं धरून त्यांनी क्रियापद बनवलं कुपे, मग रोख्याच्या कागदाचा तुकडा कापून द्यायचा आणि व्याज घ्यायचं तो तुकडा म्हणजे कूपन. म्हणजे पिझ्झावर शंभर रुपये ऑफ मिळवायला आपण जो कोड टाकतो त्याच्या खापरपणजोबाने कुणाच्या तरी कानाखाली वाजवली होती. त्याच कुळातला रेल्वेचा कूपे, मूळची घोडागाडी, पुढचा भाग कापून दोघांपुरती केलेली. आपल्या फर्स्ट एसीतही कूपेत दोनच बर्थ, आणि तो मिळणार की चौघांची केबिन हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, त्यामुळे नवीन लग्न झालेली जोडपी टीसीच्या मागे मागे फिरत असतात.